कॉन्सर्टचे फोटो विकताना: फोटो तुमचा, पण चेहरा कोणाचा?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे चुकीचं समजलो असेन तर कळेल. एका संगीतविषयक वेबसाइटने तुम्हाला फोटो पास मिळवून दिला. पैसे दिले नाहीत. तुम्ही पिटमध्ये, म्हणजे स्टेजपुढच्या फोटोग्राफरांच्या जागेत उभं राहून बँडचे फोटो काढले, त्यातले काही वेबसाइटवर लागले आणि काही तुम्ही स्वतःच्या इन्स्टाग्रामवर टाकले. आता तिघांनी विचारणा केली आहे. एका चाहत्याला भिंतीवर लावायला मोठी प्रिंट हवी आहे, एका मासिकाला लेखासोबत फोटो छापायचा आहे, आणि तिसऱ्याला गायिकेचा क्लोजअप टी-शर्टवर छापून विकायचा आहे. तुमचं म्हणणं असं, की फोटो मी काढला, कॉपीराइट माझा, मग कोणाला विचारायचं कशाला?

घोडं नेमकं इथेच पेंड खातं. कॉपीराइट तुमचा असेलही, बहुधा आहेच. पण कॉपीराइटने तुम्हाला दुसऱ्यांना अडवता येतं. तुमच्या फोटोचं तुम्हाला वाटेल ते करायची सूट त्यातून मिळत नाही. फोटो तुमचा, चेहरा गायिकेचा, जागा आयोजकाची, आणि दारावर सही केलेला कागद असेल तर तो या सगळ्यांच्या वर. तिन्ही गिऱ्हाइकांना एकच उत्तर देता येत नाही ते यामुळेच.

मी सोळा वर्षं कॉन्सर्ट शूट करतोय. वकील नाही. तुम्ही कार्यक्रम कुठल्या देशात शूट केला आणि विक्री कुठे होणार हे लिहिलेलं नाही, आणि या विषयात त्यावर बरंच अवलंबून असतं. त्यामुळे कुठे कायदा सगळीकडे सारखा आहे आणि कुठे फिरतो ते सांगत जातो. रक्कम मोठी असेल तर वकिलाची फी वाचवू नका.

कॉपीराइटचं आधी उरकून टाकू, कारण ते त्यातल्या त्यात सोपं. १८८६च्या बर्न करारामुळे जवळपास सगळ्या देशांत शटर दाबल्याक्षणी हक्क तयार होतो. नोंदणी लागत नाही, कोपऱ्यात वॉटरमार्क लागत नाही. (अमेरिकेत मात्र वेळेवर नोंदणी केली नसेल तर कोर्टात मिळणारी भरपाई फार आक्रसते, हे तिथे शूट करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.) प्रश्न असतो पहिला मालक कोण याचा. पगारी नोकरीत काढलेले फोटो बहुतेक ठिकाणी मालकाचे. फ्रीलान्स कामात मात्र देशोदेशी फरक पडतो. ब्रिटनमध्ये १९८८च्या कायद्यापासून, दुसऱ्याने काम सांगितलं असलं तरी हक्क फोटोग्राफरकडे राहतो. त्याआधीच्या १९५६च्या कायद्यात नेमकं उलटं होतं. भारताच्या १९५७च्या कायद्यातलं कलम १७ अजूनही असं सांगतं की एखाद्याच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढलेल्या फोटोचा पहिला मालक तो सांगणारा, वेगळा करार नसेल तर.

तुम्हाला पैसे मिळाले नाहीत, तेव्हा तुमची बाजू बळकट दिसते. पण पास हाच मोबदला होता, असं उद्या वेबसाइटवाल्याने म्हटलं तर? मी असं भिजत घोंगडं ठेवत नाही. काम करण्याआधी दोन ओळींचा मेल टाकतो: फोटोंचा कॉपीराइट माझ्याकडे राहील, तुम्हाला अमुक लेखासोबत वापरायची परवानगी आहे. समोरून ‘ओके’ आलं की झालं. तुम्ही आजही टाकू शकता.

आता कागद. हाच भाग लोक सगळ्यात घाईत उरकतात. मला माझी पहिली मोठी कॉन्सर्ट आठवते. प्रेसच्या रांगेत पंधराएक जण, आत साउंडचेकचा धडधडाट, आणि एक मुलगी क्लिपबोर्ड घेऊन प्रत्येकाची सही घेत चाललेली. दोन पानी करार, बारीक टाइप, उजेड तिच्या मोबाइलच्या टॉर्चचा. मी न वाचता सही केली. पुढच्या माणसाने दुसऱ्या पानाचा मोबाइलवर फोटो काढला आणि मग सही केली. त्या दिवसापासून मीही तेच करतो. तुम्ही सही केलेल्या कागदाची प्रत तुमच्याकडे नसेल तर आजच वेबसाइटच्या संपादकांकडून किंवा बँडच्या पीआरकडून मागवून घ्या. तो कागद वाचल्याशिवाय या तिघांपैकी कोणालाही ‘हो’ म्हणू नका.

आयोजकाला किंवा बँडला हा अधिकार येतो कुठून, हे एका जुन्या खटल्यातून छान कळतं. इंग्लंडमध्ये पहिल्या महायुद्धाच्या काळात एका कुत्र्यांच्या प्रदर्शनाच्या आयोजकांनी फोटो काढण्याचे सर्व हक्क बातम्यांचे फोटो पुरवणाऱ्या एका एजन्सीला विकले. दुसऱ्याच एका फोटोग्राफरने आत जाऊन फोटो काढले आणि ते कुत्र्यांविषयीच्या एका नियतकालिकात छापून आले. एजन्सी कोर्टात गेली आणि हरली. १९१७मध्ये अपील कोर्टानेही तेच कायम केलं: नजरेला पडणाऱ्या दृश्यावर आयोजकाची अशी काही मालमत्ता नसते. फोटो अडवायचे असतील तर प्रवेशाच्या अटींतच तसं लिहायला हवं होतं. आयोजकांनी हा धडा चांगलाच घेतला. तिकिटाच्या मागे, पासच्या पाकिटावर, दाराच्या फलकावर ज्या अटी असतात, त्यांचं बळ करारातून आणि जागेच्या मालकीतून येतं.

यातून दोन गोष्टी निघतात. अट मोडून काढलेल्या फोटोचा कॉपीराइट आपोआप आयोजकाकडे जात नाही. पण अट मोडली म्हणून करारभंगाचा दावा होऊ शकतो, आणि त्याहून लवकर होणारी गोष्ट म्हणजे पुढच्या वेळी तुमचं नाव पासच्या यादीत नसतं. तुमच्या बाबतीत तर पास वेबसाइटच्या नावाने होता. म्हणजे तुम्ही टी-शर्ट विकायचे आणि बोलणी संपादकांनी खायची.

करारात काय शोधायचं? पहिलं, वापर कोणापुरता आहे. ‘फक्त नमूद केलेल्या प्रकाशनासाठी’ अशी ओळ असेल तर मासिकालाही फोटो देता येत नाही, टी-शर्ट तर लांबच. दुसरं, किती वेळा आणि किती दिवस. काही करारांत एकदाच वापरा असं असतं. तिसरं, छापण्याआधी फोटो मंजूर करून घ्यायचे का. आणि चौथं म्हणजे सगळे हक्कच बँडकडे जातात का. असले करार खरोखर असतात. २०१५ साली गायिका टेलर स्विफ्टने स्ट्रीमिंगच्या मोबदल्यावरून अॅपलला जाहीर पत्र लिहिलं, तेव्हा एका ब्रिटिश कॉन्सर्ट फोटोग्राफरने तिच्याच टूरचा फोटो करार पुढे करून विचारलं, की मग आमच्या हक्कांचं काय? पुढे तो करार बदलला गेला. त्याच वर्षी फू फायटर्स या रॉक बँडचा करार बघून वॉशिंग्टनच्या एका साप्ताहिकाने आपला फोटोग्राफर पाठवायलाच नकार दिला आणि प्रेक्षकांकडून फोटो घ्यायचं ठरवलं. सांगायचं कारण एवढंच, की ‘सगळेच सही करतात’ हे खरं नाही. कलम खोडून, बाजूला आद्याक्षरी सही करून कागद परत देता येतो. मी असं केलंय. कधी चालतं, कधी क्लिपबोर्डवाली व्यक्ती म्हणते की मग आत जाता येणार नाही. एकदा मी परत फिरलो आहे, आणि त्या रात्री घरी बसून मित्रांनी टाकलेले फोटो बघणं काही सुखाचं नव्हतं, हेही कबूल करतो.

कागदाच्या अडचणीतून सुटलात तरी चेहऱ्याची अडचण उरते. इथे गायिका रिहानाचं प्रकरण प्रत्येक कॉन्सर्ट फोटोग्राफरने वाचावं असं आहे. २०१२मध्ये ब्रिटनमधल्या टॉपशॉप या दुकानाने रिहानाचा फोटो छापलेला टी-शर्ट विकायला काढला. फोटो एका स्वतंत्र फोटोग्राफरने तिच्या व्हिडिओच्या चित्रीकरणाच्या वेळी काढलेला, आणि दुकानाने त्याच्याकडून रीतसर लायसन्स घेतलेलं. कॉपीराइटच्या बाजूने सगळं चोख. तरी दुकान २०१३मध्ये हायकोर्टात हरलं आणि २०१५मध्ये अपिलातही. गंमत म्हणजे इंग्लंडच्या कायद्यात ‘स्वतःच्या प्रतिमेवरचा हक्क’ असा वेगळा हक्कच नाही, हे न्यायाधीशांनी स्वतःच म्हटलं होतं. निकाल वेगळ्या मुद्द्यावर गेला: तो फोटो तिच्या अल्बमच्या प्रसिद्धीच्या फोटोंशी इतका मिळताजुळता होता की चाहत्यांना वाटणार, हा टी-शर्ट रिहानानेच मान्य केलेला आहे. लोकांची तशी फसगत होते, म्हणून विक्री थांबवा.

प्रतिमेच्या हक्काबाबत इतका हात आखडलेल्या देशात हे झालं. अमेरिकेत १९५३ सालच्या एका खटल्यापासून, बेसबॉल खेळाडूंच्या चित्रांवरून दोन च्युइंगगम कंपन्यांत जुंपली होती तेव्हापासून, नामवंत माणसाच्या चेहऱ्याचं व्यापारी मोल त्याचंच, हे तत्त्व मान्य आहे. तपशील मात्र राज्याराज्यांत बदलतात. भारतात यासाठी खास कायदा नाही, पण कोर्टांनी वाट पाडली आहे. दलेर मेहंदीसारख्या दिसणाऱ्या, त्याच्या गाण्याच्या ओळी म्हणणाऱ्या बाहुल्यांची विक्री २०१०मध्ये दिल्ली हायकोर्टाने थांबवली, आणि २०२४मध्ये अरिजित सिंगच्या नाव, आवाज आणि प्रतिमेला मुंबई हायकोर्टाने संरक्षण दिलं.

म्हणून आमच्या धंद्यात फोटोची विक्री दोन खणांत ठेवतात. एडिटोरियल म्हणजे बातमी, समीक्षा, लेख, पुस्तक. इथे फोटो काहीतरी सांगतो, आणि कलाकाराची वेगळी परवानगी सहसा लागत नाही. कमर्शियल म्हणजे जाहिरात, पॅकिंग, मग, टी-शर्ट. इथे फोटो काहीतरी खपवतो, आणि मॉडेल रिलीज, म्हणजे त्या व्यक्तीची सही असलेलं संमतिपत्र लागतं. कॉन्सर्टमध्ये गाणाऱ्या कलाकाराचा रिलीज तुमच्या खिशात कधीच नसतो. त्यामुळे स्टॉक एजन्सीकडे, म्हणजे अनेकांचे फोटो साठवून वापरायला विकणाऱ्या कंपनीकडे, कॉन्सर्टचे फोटो देताना ‘फक्त एडिटोरियल’ हा रकाना न विसरता भरा.

तुमच्या मासिकाचा प्रश्न या पहिल्या खणातला. पासच्या करारात अडथळा नसेल तर बिनधास्त द्या. फक्त लेखासोबत देताय हे लिहा. तोच फोटो उद्या मासिकाच्या वर्गणीच्या जाहिरातीत दिसला तर खण बदलतो. छापील अंक, वेबसाइट, सोशल मीडिया, यांतलं काय काय, किती काळ, किती वेळा, श्रेयाची ओळ कशी, हे सगळं एका मेलमध्ये मावतं.

‘एकदाच’ या शब्दाची किंमत लिन गोल्डस्मिथ यांना विचारा. त्यांनी १९८१ साली गायक प्रिन्सचा स्टुडिओत फोटो काढला. १९८४मध्ये व्हॅनिटी फेअर मासिकाने तो चित्रकाराला संदर्भ म्हणून, एकाच वेळच्या वापरासाठी, ४०० डॉलरला घेतला. चित्रकार अँडी वॉरहोल. त्याने त्या फोटोवरून एक सोडून सोळा चित्रं केली. २०१६मध्ये प्रिन्स गेल्यावर त्यातलं दुसरंच चित्र मुखपृष्ठावर आलं, आणि त्याचे १०,००० डॉलर वॉरहोलच्या प्रतिष्ठानाला मिळाले. गोल्डस्मिथना काहीच नाही, श्रेयसुद्धा नाही. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०२३मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी निकाल त्यांच्या बाजूने लागला. लायसन्सवर ‘एकदाच’ लिहिलेलं नसतं तर त्यांचे पाय कुठे टेकले असते?

माझे टेकले नाहीत. एका बँडच्या मॅनेजरने मेलवर विचारलं, ‘तुमचा ड्रमरचा फोटो वापरू का?’ मी लिहिलं, ‘हो, खुशाल वापरा, फक्त नाव द्या.’ दोन महिन्यांनी तो फोटो त्यांच्या पुढच्या कार्यक्रमाच्या फलकावर होता, कोपऱ्यात प्रायोजक कंपनीचा लोगो, आणि माझं नाव जिथे होतं तो भाग कापलेला. मी तावातावाने मेल लिहिला. उत्तरात माझ्याच जुन्या मेलचा स्क्रीनशॉट आला. ‘खुशाल’ या शब्दाभोवती लाल वर्तुळ. नावाबद्दल त्यांनी माफी मागितली, पैशांबद्दल बोलायला मला जागाच उरली नव्हती.

आता चाहत्याची प्रिंट. हा खरा करडा प्रदेश आहे, आणि इथे कोणी छातीठोक उत्तर दिलं तर मी त्याच्यापासून जरा लांबच राहीन. भिंतीवरची प्रिंट ही कलाकृती म्हणायची की माल? अमेरिकेतल्याच दोन निकालांत याची दोन टोकं दिसतात, दोन्हींत छायाचित्रकार नव्हे तर चित्रकार होते. २००१मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने थ्री स्टूजेस या विनोदी त्रिकुटाचं कोळशाने काढलेलं चित्र प्रिंट आणि टी-शर्टवर विकणाऱ्याला दोषी धरलं: तुम्ही केवळ त्यांचा हुबेहूब चेहरा विकताय, तुमची स्वतःची भर काय? २००३मध्ये एका संघीय न्यायालयाने गोल्फपटू टायगर वुड्सच्या चित्राच्या हजारो प्रिंट विकणाऱ्या चित्रकाराच्या बाजूने कौल दिला: त्यात एका ऐतिहासिक विजयाचं कथन आहे, ही अभिव्यक्ती आहे.

फोटोला हे कसं लागू करायचं? मी स्वतःशी एक प्रश्न विचारतो: गिऱ्हाईक हा फोटो माझ्या नजरेसाठी घेतंय की त्यातल्या चेहऱ्यासाठी? मागून येणारा प्रकाश, धूर, हवेत उडालेले केस, पुढे हातांचं रान, अशी फ्रेम असेल तर मी मर्यादित प्रती काढतो, क्रमांक घालतो, सही करतो, मागे तारीख आणि कार्यक्रमाची साधी नोंद. बँडचं नाव मोठ्या अक्षरात नाही, त्यांचा लोगो अजिबात नाही, ‘अधिकृत’ हा शब्द चुकूनही नाही. नुसता पोस्टरसारखा हसरा क्लोजअप असेल तर विकत नाही. हा माझा धोका पत्करण्याचा हिशेब आहे. दुसरा कोणी याहून कडक असेल, आणि तोही चूक नसेल. एक मात्र ठाम सांगतो, पासच्या करारात प्रिंट विकायला मनाई असेल तर हा सगळा विचार करायचं कारणच नाही. मॅनेजमेंटला विचारा. लहान बँड बऱ्याचदा दोन प्रिंट भेट मिळाल्या की खूश होऊन हो म्हणतात.

फ्रेममध्ये आणखी कोण आहे तेही बघून घ्या. मागच्या एलईडी पडद्यावर चाललेलं चित्र कोणा डिझायनरचं असतं. गर्दीतला ओळखू येणारा चेहरा, बापाच्या खांद्यावर बसलेलं मूल, हे लेखात सहसा चालून जातं, कमर्शियल वापरात नाही. मुलांच्या बाबतीत मी लेखासाठीही हात आखडता घेतो.

आणि तुम्ही विचारलेलं नाही, पण कुणीतरी सांगेलच की सादरीकरणावर कलाकाराचा वेगळा हक्क असतो. असतो. पण तो प्रामुख्याने ध्वनी आणि चलतचित्रांसाठी. भारतीय कायद्यात २०१२च्या दुरुस्तीने दिलेली दृश्य-रेकॉर्डिंगची व्याख्या हलत्या चित्रांबद्दल बोलते. स्थिरचित्र त्यातून सुटतं, पण त्याच कॅमेऱ्याने काढलेली दहा सेकंदांची क्लिप सुटत नाही, शिवाय तिच्यात गाण्याचा हक्कही आला. मासिकाने ‘एखादा छोटा व्हिडिओ पण द्या ना’ म्हटलं तर तो वेगळा विषय समजा.

म्हणजे कामाचा क्रम असा लावा. आधी पासचा कागद मिळवा. त्यात अडथळा नसेल तर मासिकाला वापर नीट लिहून फोटो द्या. प्रिंटसाठी मॅनेजमेंटला मेल टाका: कोणता फोटो, किती प्रती, केवढा आकार, कोणाला. चार ओळींच्या वर नको, लांब मेल कायदा विभागाकडे जातो आणि तिथेच राहतो.

टी-शर्टवाल्याला मी असं लिहीन: ‘फोटोचं लायसन्स माझ्याकडून मिळेल. गायिकेच्या प्रतिमेची परवानगी तुम्ही तिच्या मॅनेजमेंटकडून लेखी घ्या आणि मला दाखवा, मग दराचं बोलू.’ माझ्या अनुभवात बहुतेकांचं यावर उत्तरच येत नाही. ज्याचं येईल, त्याच्या करारात नुकसानभरपाईचं कलम आधी वाचा. गायिकेने दावा ठोकला तर खर्च छापणाऱ्याने सोसायचा असं तिथे असायला हवं. मला आलेल्या अशा एका मसुद्यात तो खर्च फोटोग्राफरवर ढकलला होता.